पेढीवरच्या संगणकाची रॅम वाढवताना

मार्चअखेर जवळ आली की बहुतेक पेढ्यांवर एकच तक्रार ऐकू येते, संगणक फार मंद झाला. टॅली उघडलेले, जीएसटीचे संकेतस्थळ उघडलेले, शेजारी व्हॉट्सॲप आणि दोन-चार पीडीएफ बिले. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या यंत्रातील ४ जीबी रॅममध्ये एवढा पसारा मावत नाही. विक्रेता नवा संगणक सुचवतो. परंतु रॅमची एक पट्टी वाढवून भागत असेल, तर चालते यंत्र मोडीत काढणे अपरिग्रह मानणाऱ्या घराला शोभणारे नाही; आणि व्यापारालाही ते परवडत नाही.

दोष रॅमचाच आहे ना, हे प्रथम पाहावे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्स विभागात, नेहमीचे काम चालू असताना, मेमरीचा वापर नव्वद टक्क्यांच्या आसपास टेकलेला दिसला तर रॅम अपुरी आहे. मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क मात्र सतत शंभर टक्के असेल, तर एसएसडी बसवावी. रॅमचा वेग आणि किती स्लॉट भरलेले आहेत, हेही तेथेच कळते. विंडोज ३२ बिटची असेल, तर ४ जीबीपुढील रॅम तिला वापरताच येत नाही.

खरी मेख पिढीची. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. डीडीआर-३ला २४० पिना, पुढील दोघींना २८८. तिघींची खाच वेगवेगळ्या जागी. बसत नसलेली पट्टी रेटू नये, स्लॉट तुटतो. २०११ साली आलेल्या इंटेलच्या एच-६१ चिपसेटचे उदाहरण घेऊ. त्याच्या बोर्डांवर डीडीआर-३ चालते, स्लॉट बहुधा दोनच आणि कमाल मर्यादा १६ जीबी. एका स्लॉटमध्ये ४ जीबी असेल, तर दुसऱ्यात तशीच ४ जीबी घालावी. जोडीने दोन पट्ट्या असल्या की वेगातही थोडी भर पडते. वेग भिन्न असल्यास दोन्ही पट्ट्या कमी वेगाने चालतात, त्यामुळे जास्त वेगासाठी अधिक पैसे मोजण्यात अर्थ नाही.

स्वस्त मालाबाबत मात्र सावध असावे. बाजारात केवळ एएमडीच्या बोर्डांवर चालणाऱ्या डीडीआर-३ पट्ट्या मिळतात. त्या इंटेलवर चालत नाहीत. सर्व्हरमधून निघालेल्या ‘रजिस्टर्ड’ पट्ट्या खाचेत नीट बसतात, पण साध्या बोर्डावर संगणक सुरूच होत नाही. अगदी लहान आकाराच्या डेस्कटॉपमध्ये पुष्कळदा लॅपटॉपची आखूड पट्टी लागते. जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्यावी, हे उत्तम.

एक गोष्ट रॅमने सुटत नाही. विंडोज १०चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि एच-६१च्या काळातील प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत. असे यंत्र हिशेब, बिले आणि छपाईसाठी ठेवावे. बँकेचे व्यवहार दुसऱ्या, अद्ययावत यंत्रावर करावेत. पट्टी बदलण्यापूर्वी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्यावा, वीजजोडणी काढावी आणि हात आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावावा.