रानगवा आणि हरिता : एकाच उन्हाळ्याला दोन उत्तरे

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील साग, ऐन आणि बांबूच्या पानझडी जंगलांत पावसाळ्यात पाण्याची रेलचेल असते. मे महिन्यात मात्र पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि बहुतेक नाले आटतात. या टंचाईला सजीव किती भिन्न रीतींनी तोंड देतात, हे रानगवा आणि हरिता अर्थात मॉस यांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

१९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोबात आढळणाऱ्या गव्याच्या पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोच्या घरात जाऊ शकते. एवढ्या देहात प्रत्येक पेशीपर्यंत पाणी व अन्न पोहोचवण्यासाठी हृदय आणि रक्तवाहिन्या लागतात, आणि शरीरातील पाण्याचे प्रमाण फारसे ढळू देऊन चालत नाही. म्हणून गवा दुपारी सावलीत रवंथ करतो, सकाळ-संध्याकाळ चरतो आणि पाणवठ्याच्या आसऱ्याने राहतो.

भारतात ओलसर खडकांवर व जुन्या भिंतींवर सर्रास वाढणारी हायोफिला इन्व्होल्युटा ही हरिता जेमतेम सेंटिमीटरभर उंच असते. तिला खरी मुळे नसतात. मूलाभ नावाचे धाग्यांसारखे तंतू तिला केवळ धरून ठेवतात आणि पाणी ती सर्वांगाने शोषते. पाणी वाहून नेणाऱ्या विकसित नलिका नसल्यामुळे तिची उंची मर्यादित राहते, परंतु त्याच साधेपणामुळे तिला सुकणेही परवडते : कोरड पडताच पानांच्या कडा आत वळतात, जीवनक्रिया जवळजवळ थांबतात आणि पाऊस पडला की काही मिनिटांत पाने पुन्हा उलगडतात.

प्रजननातही हाच फरक दिसतो. गव्याची मादी सुमारे नऊ महिन्यांच्या गर्भधारणेनंतर बहुधा एकच वासरू देते आणि त्याचा सांभाळ करते. हरितेचे पुंबीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत स्त्रीबीजापर्यंत जातात. त्यातून बनणाऱ्या बोंडातील बीजाणू वारा पसरवतो, शिवाय पानांच्या बगलेतील सूक्ष्म कळ्या गळून त्यांपासूनही नवी रोपे उगवतात.

त्यामुळे आकारावरून कोणता जीव अधिक समर्थ, हे ठरत नाही. संरक्षणाची गरज मात्र आकाराप्रमाणे बदलते : वन विभागाने उन्हाळ्यात भरलेला कृत्रिम पाणवठा गव्याला तारतो, तर हरितेला पावसाची वाट पाहण्यासाठी फक्त तिचा खडक आणि त्यावरची सावली शाबूत राहावी लागते.