एकाच खेळाची दोन घराणी

सुट्टीत भावंडं जमली की खेळापेक्षा नियमांवरूनच जास्त भांडणं होतात, हे अम्मी-खालांना सांगायला नको. भाईजान म्हणतो, "जमत नसेल तर शिक." धाकटा रडवेला होऊन विचारतो, "मग मी जिंकणार कधी?" जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या व्हिडिओ गेमच्या चाहत्यांत नेमकं हेच भांडण कित्येक वर्षं चालू आहे.

या मालिकेतला पहिला गेम १९९९ साली आला. मारियो, पिकाचू अशी निरनिराळ्या खेळांतली पात्रं इथे एकमेकांशी भिडतात आणि समोरच्याला मैदानाबाहेर फेकतात. २००१ साली आला 'मेली'. मासाहिरो साकुराई यांच्या दिग्दर्शनाखाली तो अवघ्या १३ महिन्यांत तयार झाला. त्याचा वेग भन्नाट. त्यात खेळाडूंनी आपल्या युक्त्या शोधल्या. उडी मारताच वार चुकवण्याचं बटण दाबून तिरकं जमिनीकडे वळलं, की पात्र सर्रकन घसरत जातं. वाचायला सोपं आहे, पण बोटांना सवय व्हायला महिने लागतात.

मग २००८ साली 'ब्रॉल' आला. नवख्यांनाही मजा यावी म्हणून वेग कमी झाला, घसरण्याची युक्ती गेली. वर आणखी एक गंमत: पळता पळता पात्र मधूनच, उगाचच, अडखळून पडू लागलं! मेलीवाले खवळले. ब्रॉलवाले म्हणत, घरातल्या सगळ्यांना खेळता येतो तोच खेळ चांगला. माझ्या मते दोघांचंही खरं आहे, पण ते अडखळणं मात्र सराव करणाऱ्याची थट्टाच होती. पुढच्या गेममध्ये पळताना असं पडणं बंद झालं.

काही चाहते नुसते भांडत बसले नाहीत. त्यांनी ब्रॉलमध्येच फेरफार करून त्याला मेलीसारखी चाल दिली. 'प्रोजेक्ट एम' नावाचं हे हौशी काम २०११ पासून लोकांसमोर येऊ लागलं आणि २०१५ च्या अखेरीस थांबलं.

इकडे लास वेगासच्या 'इव्हो' या मोठ्या स्पर्धेत २००७ नंतर मेलीला जागा नव्हती. २०१३ साली आयोजकांनी एक जागा देणगीवर ठेवली: ज्या गेमचे चाहते स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी सर्वाधिक पैसे देतील, तो गेम स्पर्धेत. मेलीवाल्यांनी ९०,००० डॉलरहून जास्त जमवले आणि पहिले आले. एवढं झाल्यावर निन्टेंडोने सामन्यांच्या प्रक्षेपणाला हरकत घेतली. चाहत्यांनी असा गदारोळ केला की कंपनीने त्याच दिवशी हरकत मागे घेतली.

२०१८ च्या 'अल्टिमेट' या गेममध्ये आधीच्या सगळ्या गेममधली पात्रं परत आली. तरी मेली संपला नाही. सपाट पडद्यावर बटण दाबणं आणि चित्र हलणं यांत किंचित उशीर होतो, आणि मेलीवाल्यांना तेवढाही खपत नाही. त्यामुळे आपण भंगारवाल्याला कधीच देऊन टाकलेले ते जाडजूड डबा टीव्ही ही पोरं आजही गाडीत घालून स्पर्धेला नेतात, आणि उचलताना दोघं-दोघं लागतात.