धारूर घाटाची साक्ष

दिवाळीच्या आधी बीड जिल्ह्यातल्या तेलगावहून धारूरचा घाट चढायला लागलं की दोन्ही बाजूंच्या उतारांवर सीताफळं दिसतात. बरीचशी कुणी लावलेली नाहीत; दगडांच्या फटींतून आपसूक उगवलेली. बालाघाटच्या डोंगररांगेतल्या या फळाला २०१६ मध्ये ‘बीड सीताफळ’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. इतकं ते इथलं, आणि मूळ मात्र अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलं! पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते आपल्याकडे आलं, असं मानतात. एकोणिसाव्या शतकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमला भारहूत आणि मथुरेच्या शिल्पांत सीताफळ दिसलं आणि वाद पेटला. कोलंबसाच्या हजार-दीड हजार वर्षं आधी ते इथे कसं? आल्फोन्स द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने तो पुरावा मानला नाही. दगडात कोरलेलं प्रत्येक खवल्यांचं फळ सीताफळच असतं असं थोडंच आहे.

डोंगरावरची झाडं कधी आली, किती वर सरकली, हे जुन्या नोंदींवरूनच ठरवावं लागतं. पण नोंद म्हणजे साक्ष. उलटतपासणी न करता ती मानून चालत नाही.

सिक्कीममध्ये ही साक्ष टिकली. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरने १८४९-५० मध्ये तिथल्या दऱ्यांत हिंडताना वनस्पती गोळा केल्या आणि त्या किती उंचीवर मिळाल्या हेही लिहून ठेवलं. दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या दऱ्या पुन्हा पालथ्या घातल्या. १२४ प्रदेशनिष्ठ जातींपैकी ८७ टक्के जातींनी जागा बदलली होती, बहुतेकींनी वरच्या दिशेने. हा निष्कर्ष २०१३ चा.

दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो पर्वतावर मात्र गफलत झाली. निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट १८०२ मध्ये त्यावर चढला आणि कोणती वनस्पती किती उंचीवर, हे दाखवणारं त्याचं देखणं चित्र १८०७ मध्ये छापलं गेलं. त्याच्याशी ताडून २०१५ मध्ये जाहीर झालं की वनस्पती पाचशे मीटरहून अधिक वर सरकल्या. चार वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी हम्बोल्टचे मूळ कागद चाळले, तेव्हा कळलं की चित्रातल्या उंचावरच्या वनस्पतींची बरीचशी माहिती अँटिसाना या दुसऱ्याच पर्वतावरची होती. नव्या हिशेबाने सरकणं उरलं २१५ ते २६६ मीटर.

आमच्या बालाघाटात हूकर फिरकला नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजचा माजी प्राचार्य थिओडोर कुक याने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ छापला. आजही अभ्यासकांच्या हाताशी तो असतो. पण इलाखा नगर-सोलापूरच्या हद्दीवर संपत होता आणि तेलगाव निजामाच्या मुलखात. डोंगररांग एकच, धावडा-सालई-पळस दोन्हीकडे, वही मात्र मध्येच बंद. शिवाय कुकच्या नोंदींत ठिकाणाच्या जागी पुष्कळदा नुसतं ‘डेक्कन’ असतं. तेवढ्यावरून घाटाचं वळण कसं सापडणार? मराठवाड्याच्या वनस्पतींवर व्ही. एन. नाईक यांचा दोन खंडांचा ग्रंथ आला तो १९९८ मध्ये.

त्यात बालाघाट पडला ठेंगणा. मांजरा नदी उगम पावते ती जागाही समुद्रसपाटीपासून जेमतेम आठशे मीटरवर. शंभर मीटर चढलं की हवा साधारण अर्ध्या अंशाने थंड होते. इथे चार-दोनशे मीटर चढलात की सपाट माथा लागतो आणि चढ संपतो. उकाड्याला कंटाळलेल्या झाडाने वर जायचं कुठे? म्हणून इथली हालचाल बहुधा आडवी शोधावी लागेल: सावलीच्या घळीत, उत्तरेकडच्या उतारावर, ओढ्याच्या कडेला. त्यासाठी घळ न् घळ नोंदवलेली हवी.

उलटतपासणी का हवी, याचं उदाहरण घाटाच्या पायथ्यालाच, रस्त्याच्या कडेला आहे: गाजर गवत. त्याला ‘काँग्रेस गवत’ही म्हणतात. ते कुठून आलं, याचं उत्तर गावोगाव तयार असतं: अमेरिकेच्या गव्हातून पहिल्यांदा आलं. कागदही तसेच बोलतात; १९५५ च्या सुमारास ते पुण्यात दिसलं आणि १९५६ मध्ये तशी नोंद छापून आली. ज्या कायद्याखाली तो गहू आला, तो पीएल-४८०, १९५४ चा. पण देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत वनाधिकारी डीट्रिख ब्रँडिसने गोळा केलेला याच गवताचा एक वाळवलेला नमुना आहे, १८८० चा. गहू त्यामुळे निर्दोष सुटत नाही. पुण्यातली लाट वेगळी असू शकते. पण ‘पहिल्यांदा आलं’ हा शब्दप्रयोग मात्र खोडावा लागतो.