थंडीतलं घर : हुरडा, चानकी आणि बोरन्हाण (लेखमाला ‘ऋतू आणि लहान हात’ – भाग ९)

डिसेंबर सरत आला की बार्शीच्या भाजीबाजाराचा रंग बदलतो. तुरीच्या हिरव्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, बोरं, गावरान गाजरं एकदमच येतात आणि पाठोपाठ हुरडा. घरातल्या आईचे हेच दिवस सगळ्यांत ओढाताणीचे असतात. शाळेचं स्नेहसंमेलन, पोराची सर्दी, कामावरची न मिळणारी रजा आणि त्यात येळवस, भोगी, संक्रांत, हळदीकुंकू. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर बोरन्हाण. ‘यात मुलासाठी वेळ कुठून काढू?’ असं विचारणाऱ्या आयांसाठी आजचा भाग आहे.

वेगळा वेळ काढूच नका. थंडीतल्या कामांपैकी जवळजवळ प्रत्येक कामात लहान मुलाच्या हाताला झेपेल असा एक तुकडा असतो. तो तुकडा तेवढा ओळखायचा, मुलाच्या हवाली करायचा आणि मग त्यात लुडबूड करायची नाही. रंगीत कागद, चकाकणारा डिंक, मोबाईलवर बघून करायच्या कलाकुसरी यांना माझा विरोध नाही. पण दिवसभर दमून आलेल्या बाईनं रात्री दहाला कात्री घेऊन बसावं, असं मला अजिबात वाटत नाही.

हा विचार माझ्या पदरचा नाही. मारिया मॉन्टेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. ओतणं, निवडणं, पुसणं, बटण लावणं अशी घरातली खरीखुरी कामं त्यांनी मुलांच्या शिक्षणात आणली. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, नंतर कोसबाडच्या टेकडीवर काम उभं राहिलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. परदेशी पद्धतीची लाकडी साधनं महाग होती. या दोघींनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हाताशी घेतले आणि आदिवासी पाड्यांवर शाळा अंगणात नेली. मुलाला शिकवायला लागणारं सामान परिसरात पडलेलं असतं, ही त्यांची शिकवण बार्शीच्या जानेवारीत वाटते इतकी सोपी दुसरीकडे क्वचितच वाटेल.

तुरीच्या शेंगांपासून सुरुवात करू. बार्शीच्या आडतीत तूर आणि डाळ यांचा व्यवहार मोठा, म्हणून आपल्या मुलांना तूर माहीत असते ती डाळ म्हणून, पिवळी आणि दोन फाकांत फुटलेली. शेंगेतला हिरवा, गोल, अखंड दाणा त्यांनी पाहिलेलाच नसतो. पाव किलो शेंगा मीठ घालून उकडा, कोमट झाल्या की परातीत ओता आणि मुलासमोर ठेवा. शेंगेची शिवण अंगठ्यानं दाबायची आणि दाणे बाहेर ढकलायचे, हे तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला दोन-चार शेंगांत जमतं. अंगठा आणि पहिली दोन बोटं यांना जो जोर इथे लागतो, तोच पुढे पेन्सिल धरताना लागतो. तेवढ्या वेळात तुमची कणीक मळून होते. दाणे इकडेतिकडे उडतील, निम्मे पोटात जातील, जाऊ द्या. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला मात्र दाणा बोटांनी चेपून द्या.

आता हुरडा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बीची ज्वारी आपल्या काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. सोलापूर जिल्ह्याची ओळख ज्या मालदांडीमुळे आहे ती याच हंगामातली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कणसात दाणा भरलेला असतो पण अजून दुधाळ असतो, साखरेचं पूर्ण पिष्ट झालेलं नसतं, म्हणून हुरडा गोड लागतो. हे दिवस थोडे असतात. गुळभेंडी किंवा सुरतीसारखी हुरड्याची ज्वारी काही शेतकरी यासाठीच मुद्दाम चार ओळी लावतात, कारण तिचा दाणा बोंडातून सहज सुटतो.

शेत असेल किंवा शेतवाला नातेवाईक असेल तर एक रविवार आगटीपाशी घालवा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणीस भाजणं आणि गरम कणीस चोळणं हे काम मोठ्यांचंच. मुलाचं काम त्यानंतर सुरू होतं. चोळलेला हुरडा सुपात घेऊन फुंकर मारायची आणि भुसा उडवायचा. फुंकर किती जोरात मारली की भुसा जातो आणि दाणा राहतो, हे सांगून कळत नाही. चार वेळा दाणेच उडाले की कळतं. शेत नसेल तर बाजारातून सोललेला हुरडा आणा, तव्यावर थोडा परता आणि शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ असं मांडायचं काम मुलाला द्या. चार वाट्या, चार चमचे, प्रत्येकाला गुळाचा एक खडा. मोजणी यातच आली.

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, लातूर-धाराशिवकडे मोठी. धाराशिवला लागून असलेल्या आपल्या पूर्वेकडच्या गावांतही ती तितक्याच हौसेनं होते. कडब्याची कोपी, पाच दगडांची पूजा, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, भज्जी. भज्जीत त्या दिवशी शेतात जे हिरवं मिळेल ते सगळं पडतं : तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे दाणे, पालेभाज्या, वर बेसन. स्वयंपाक पहाटेपासून चालतो. हा सण बघितला की मला नेहमी वाटतं, भज्जीचे दाणे आदल्या रात्री टीव्हीसमोर बसून सगळ्या घरानं सोलायला काय हरकत आहे? मुलांना शेतात पाच सारखे दगड शोधायला पाठवा. ‘सारखे’ म्हणजे काय यावर त्यांचं अर्धा तास भांडण चालेल, तेवढा वेळ तुमचा. त्या दगडांना चुना लावायचा असेल तर मोठ्यांनीच लावा, चुना डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते. रजा नसलेल्या आईनं आंबील आणि भाकरी संध्याकाळी गच्चीवर खाल्ली तरी चालेल. पाच दगड गच्चीवरही ठेवता येतात.

मग भोगी. माझ्या मते लहान मुलांसाठी वर्षातला सगळ्यांत चांगला स्वयंपाक हाच. भाजीत गाजर, पावटा, हरभरा, वांगं, बोर, उसाचं कांडं, शेंगदाणे अशी सरमिसळ असते. भाज्या चिरण्यापूर्वी ताटात मांडून मुलाला विचारा, यातलं जमिनीखालचं कोणतं, वेलीवरचं कोणतं, झाडावरचं कोणतं. गाजर आणि शेंगदाणा दोन्ही मातीतून येतात हे ऐकून पोरं चकित होतात, कारण शेंगदाणा त्यांना डब्यातलाच माहीत असतो.

आणि बाजरीची भाकरी. आपल्याकडे भाकऱ्या थापताना शेवटचा गोळा मुलासाठी ठेवायची रीत आहे. त्याची छोटी भाकरी म्हणजे चानकी. गॅसच्या ओट्यावर उभ्यानं घाईत भाकरी करायला लागल्यापासून चानकी मागे पडली, याचं मला वाईट वाटतं. भोगीला ती परत आणा. बाजरीचं पीठ चिकट नसतं, म्हणून गरम पाण्यात मळावं लागतं. ते तुम्ही मळा. गोळा कोमट झाला की मुलाच्या हातात द्या, ताटलीत पीठ भुरभुरा आणि त्याला थापू द्या. कडा फाटतील, एकीकडे जाड, एकीकडे पातळ होईल. मग तिळाची वाटी त्याच्यापुढे करा आणि ओल्या हातानं तीळ दाबायला सांगा. तव्यावर तुम्हीच टाका. स्वतःची चानकी मूल शेवटच्या तुकड्यापर्यंत खातं. एरवी बाजरीला तोंड वेडंवाकडं करणारंही खातं. तिळाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग तेल असतो, म्हणून थंडीत तो बाजरीच्या जोडीला येतो, हेही त्याला खाताना सांगून टाका.

आता कामाच्या वाटणीचं एक बोलायलाच हवं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. सणाच्या आठवड्यात काय होत असेल ते प्रत्येक घर जाणतं. म्हणून या मालिकेत मी जे काही सुचवते त्यातलं किमान एक काम बाबांच्या नावानं लिहून ठेवा. हुरड्याचा रविवार त्यांचा असू द्या. बोरन्हाणाची खरेदी आणि नंतरची झाडलोट त्यांची असू द्या. ‘मदत’ म्हणून नव्हे, त्यांच्या वाटणीचं काम म्हणून; मूल तेही बघत असतं.

बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, तेव्हा संक्रांतीच्याच दिवशी करण्याचा अट्टहास सोडा. मधला एखादा रविवार निवडा. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आजूबाजूची दहा-बारा पोरं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, हलवा, भुईमुगाच्या शेंगा. हलवा घरी करायचा तर मंद आचेवर परातीत तीळ घेऊन चमच्या-चमच्यानं पाक घालत तासन् तास हात फिरवत राहावं लागतं, कोरड्या थंडीत त्याला काटा चढतो. ज्यांना त्यात आनंद आहे त्यांनी जरूर करावा. बाकीच्यांनी विकत आणावा, मुलाच्या कौतुकात त्यानं काही उणं पडत नाही.

पण बोरन्हाणाबाबत मी एका गोष्टीवर हटून आहे. ज्या वयासाठी हा समारंभ आहे, नेमक्या त्याच वयात गोल, टणक पदार्थ घशात अडकण्याचा धोका सगळ्यांत जास्त असतो. अशा वयात दाढा पुऱ्या आलेल्या नसतात, चावणं कच्चं असतं, आणि पोरं हसत-ओरडत, पळत, तोंडात भरत असतात. मुलांच्या श्वासनलिकेत अडकणाऱ्या खाण्याच्या वस्तूंत शेंगदाणा कायम वरच्या जागी असतो. बोराची बी, हरभरा, हलवा त्याच जातीचे. म्हणून उत्सवमूर्ती तीन वर्षांच्या आतली असेल तर डोक्यावरून चुरमुरे, ज्वारीच्या लाह्या आणि झेंडूच्या पाकळ्या घाला. बोरं, ऊस, शेंगा वेगळ्या टोपलीत ठेवा आणि मोठ्या मुलांना बसवून हातात द्या. ओंजळी भरून ओतायच्या नाहीत, वरून अलगद सोडायचं. टणक बोर डोळ्याला लागतं. नाणी आणि फुगे नकोतच, फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशाला घट्ट चिकटतो.

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हेही ठाऊक असावं. मूल खोकत असेल, रडू शकत असेल तर त्याला खोकू द्या. आवाज बंद झाला, श्वास घेता येईना, तर वेळ घालवू नका. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं, डोकं खाली करून दोन खांद्यांमध्ये तळहाताच्या टाचेनं पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर पाच थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीनं आत आणि वर असे पाच दाब. वस्तू सुटेपर्यंत आळीपाळीनं चालू ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला लावा. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपू नका, ती आणखी खाली जाते.

हळदीकुंकवाचं थोडक्यात. तिळगूळ द्यायचं काम मुलाचं. दारात उभं राहून, नाव घेऊन, प्रत्येकीच्या हातात. घरातली विधवा आजी, शेजारची काकू यांनाही बोलवा आणि त्यांच्याही हातावर त्याच मुलाला तिळगूळ ठेवू द्या. कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही, हे मुलं पाचव्या वर्षापर्यंत शिकून मोकळी होतात.

शेवटचं काम अगदी बिनखर्चाचं, आणि फक्त रविवारचं. संक्रांतीला सूर्य उत्तरेकडे वळतो असं आपण मुलांना सांगतो. खरं वळण २१-२२ डिसेंबरला झालेलं असतं, आणि ते डोळ्यांनी दाखवता येतं. अंगणात किंवा गच्चीवर एक काठी कुंडीत अशी सरळ रोवा की तिचं टोक जमिनीपासून एक मीटर उंच राहील. बार्शीला सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो घड्याळात साधारण साडेबाराच्या सुमारास, कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर चालतं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. त्या वेळी सावलीच्या टोकाशी मुलाला खडूनं रेघ मारू द्या. डिसेंबरच्या त्या दिवसांत सावली सुमारे ८९ सेंटिमीटर भरेल, संक्रांतीला ८३ च्या आसपास, फेब्रुवारीअखेर जेमतेम अर्धा मीटर. मे महिन्याच्या मध्यावर एका दुपारी काठीला सावलीच उरणार नाही. खडू पुसला जातो, म्हणून रेघेवर मुलाकडूनच तारीख घालून गेरूचा ठिपका लावून घ्या. काठी मात्र हलवू नका. पुढच्या आठवड्यात रथसप्तमीच्या दुधाबद्दल लिहिताना याच रेघांवरून पुढे जायचं आहे.