दोन पालख्या, एक मुक्काम

भाऊबंदकी हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. बांधाची वीतभर जमीन, विहिरीवरची पाळी, देवळातला मान, सोसायटीची निवडणूक, कोणतेही कारण त्याला पुरते. परंतु २०२४ साली बारामती-इंदापूरच्या मुलखाने जी भाऊबंदकी पाहिली ती काही निराळीच. मे महिन्यात लोकसभेला नणंद आणि भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या, सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार. नोव्हेंबरात बारामतीच्या विधानसभेला चुलते आणि पुतणे, अजित पवार आणि युगेंद्र पवार. कोण जिंकले, कोण हरले हे वाचकांना ठाऊकच आहे. इथे त्याचे कारण नाही.

कारण आहे ते तुमच्या-आमच्यासारख्यांचे. तडा मोठ्या घराला गेला, पण माती गावोगावच्या ओसऱ्यांवर पडली. कल्पना करा, दोन सख्खे भाऊ आहेत, मधे एक भिंत आहे. एकाच्या दारावर घड्याळ, दुसऱ्याच्या दारावर तुतारी. ऊसतोडीचा निरोप धाकट्याने थोरल्याला द्यायचा तो बायकोकडून, तिने जावेला आणि जावेने नवऱ्याला. मुले मात्र दोन्ही घरांत जेवतात, कारण त्यांना मत नसते! अशा दोघांना बोलते कसे करायचे?

वादाने ते होत नाही, हे आपण सारेच जाणतो. वाद घालणारा जिंकण्यासाठी बोलतो, आणि हरलेला माणूस घरी जाऊन नवा मुद्दा शोधून आणतो. बारामतीला या रोगावरचे औषध मात्र पुष्कळ जुने आहे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने तिथे एक पुराणिक राहत होते. मोरेश्वर रामजी पराडकर हे त्यांचे नाव. जन्म पन्हाळ्याचा, १७२९ चा. १७९४ साली ते गेले. महाराष्ट्र त्यांना मोरोपंत म्हणून ओळखतो. एकशे आठ रामायणे रचणारे पंत आपल्याला माहीत असतात, परंतु त्यांनी सबंध महाभारत आर्यावृत्तात मराठीत आणले, आणि कीर्तनकारांनी त्या आर्या गावोगाव नेल्या. महाभारत म्हणजे तरी काय? चुलत भावांचे भांडण! भाऊबंदकीची सर्वांत मोठी कथा बारामतीच्या कवीने मराठी माणसाच्या ओठांवर ठेवली, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

आता कीर्तन काय करते ते पाहा. बुवा पूर्वरंगात अभंगाचे निरूपण करतात. मग बुक्का लागतो आणि उत्तररंगात आख्यान सुरू होते. समजा, आख्यान कृष्णशिष्टाईचे आहे. श्रीकृष्ण हस्तिनापुरी जातो आणि अखेरीस पाच गावांवर तडजोड मागतो. दुर्योधन म्हणतो, सुईच्या अग्रावर मावेल इतकीही माती देणार नाही. मंडपात बसलेला प्रत्येक जण मनात म्हणतो, "अरे, देऊन टाक की पाच गावे!" असे म्हणणाऱ्यांत आपले ते दोघे भाऊही असतात. बुवांनी कोणाचे नाव घेतलेले नसते, कोणाकडे बोट दाखवलेले नसते. उपदेश समोरून येतो, म्हणून माणूस ढाल पुढे करतो. गोष्ट शेजारी येऊन बसते. घरी जाताना थोरला धाकट्याशी काहीच बोलणार नाही कदाचित, पण दोघांनी एकाच दुर्योधनाचा राग केलेला असतो. प्रारंभाला तेवढे पुरते.

या कामासाठी या मुलखात दर आषाढात एक मोठी शाळाच भरते. तुकोबांची पालखी देहूहून निघते ती बारामतीवरून इंदापूर तालुक्यात उतरते. काटेवाडीला परीट समाजाची मंडळी पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढपाळ पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धरतात. बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण होते. सराटीला नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घडते आणि पालखी पुणे जिल्हा सोडते. २०२४ साली निकाल लागला ४ जूनला. २८ जूनला पालखी देहूहून निघाली आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात बारामतीत आली. निकालाला जेमतेम महिना झालेला! परंतु भाकरीची टोपली हातात देताना वारकऱ्याला कोणी विचारीत नाही, "माउली, मत कोणाला दिलेत?"

तथापि, एवढ्यावर भाबडेपणाने टाळ्या वाजवून चालणार नाही. सोबत गाणारे सोबत जेवतातच असे नाही. इरावती कर्वे ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालल्या होत्या. दिवसभर एका सुरात भजन करणारी माणसे पंगतीला जातीजातीने वेगळी बसतात, हे पाहून त्यांचा जीव कळवळला. 'वाटचाल' या लेखात त्यांनी ते लिहून ठेवले आहे. चोखोबांचे अभंग शतकानुशतके गाइले गेले, परंतु चोखोबांच्या माणसांना पंढरीच्या देवळाचे दार बंदच होते. ते उघडावे म्हणून साने गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले, लोकांशी बोलले, आणि अखेर मे १९४७ मध्ये त्यांना प्राण पणाला लावून उपोषणाला बसावे लागले. हा गोष्टी सांगणारा माणूस. गोष्टीची ताकद त्याच्याइतकी कोणाला ठाऊक होती? पण गोष्ट मन मऊ करते, दार माणसालाच उघडावे लागते, हेही तो जाणून होता.

आणि पालखीचे म्हणाल तर तीही भांडणातून सुटलेली नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला तेव्हा ज्ञानोबा आणि तुकोबा यांच्या पादुका एकाच पालखीत होत्या. पुढे मानापानाचे तंटे झाले आणि एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबांची पालखी वेगळी काढली. तेव्हापासून वाटा दोन झाल्या. ज्ञानोबा सासवड-फलटणवरून जातात, तुकोबा बारामती-इंदापूरवरून. पण पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला दोघांचा मुक्काम एकाच दिवशी पडतो. तंटा झाला म्हणून कोणी पंढरपूर सोडले नाही, आणि वाट वेगळी झाली म्हणून वाखरी चुकवली नाही.

आपल्या घरातही एवढे साधले तरी पुष्कळ. दोन वाटा राहू द्या, दोन झेंडे राहू द्या. फक्त वर्षातून एक वाखरी असू द्या. दिवाळी तोंडावर आहे. पाडव्याला भिंतीपलीकडे फराळाचे ताट घेऊन जा. ते मुलाच्या हाती पाठवू नका, स्वतः न्या. निवडणुकीचा विषय काढू नका. ओसरीवर बसा आणि एवढेच विचारा, "दादा, आजोबांनी ती विहीर खोदली तेव्हा पाणी किती हातांवर लागले होते?"

गोष्ट लांबेल. चहा दुसऱ्यांदा ठेवावा लागेल. मग निघताना मुद्दाम ताट तिथेच विसरून या, म्हणजे ते परत करायला दादाला तुमच्या ओसरीवर यावे लागेल.