जुन्या पत्त्यावर येणारं गिऱ्हाईक

मुंबईच्या दाटीतून लोखंड-पोलादाचा घाऊक बाजार सिडकोने कळंबोलीत आणला, तेव्हा पेढ्यांना बिलांवरचे पत्ते बदलावे लागले. वेबसाइट हलवायला ट्रेलर लागत नाही, म्हणून ते काम हलक्यात घेतलं जातं. पण इथल्या एखाद्या पेढीने नवं डोमेन घेतलं, तरी जुनं नाव छापील कोटेशनवर आणि ग्राहकांच्या व्हॉट्सॲपमध्ये राहतंच. म्हणून अपाचे या वेब सर्व्हरवर साइटचा व्हर्च्युअल होस्ट, म्हणजे तिच्या सेटिंग्जचा ब्लॉक, लिहिण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावावा: येणाऱ्याला नवा पत्ता कळायला हवा का? हवा असेल तर त्याला तिकडे धाडणारा रिडायरेक्ट, नको असेल तर आतून मजकूर आणून देणारी रिव्हर्स प्रॉक्सी. हे आधी न ठरवता ओळी चिकटवत गेलं, की पुढचा घोळ निस्तरता निस्तरत नाही.

एका आयपीवर अनेक साइट नांदतात, कारण ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत साइटचं नाव 'होस्ट' हेडरमध्ये पाठवतो. अपाचे ते सर्व्हरनेम आणि सर्व्हरअलियास यांच्याशी ताडून बघतो. कुठेच जुळलं नाही, तर त्या पोर्टवरचा पहिला ब्लॉक उत्तर देतो. म्हणजे जुन्या नावाचा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाला अवतार अलियासमध्ये लिहायचा राहिला, तर गिऱ्हाइकासमोर भलत्याच पेढीचं पान उघडू शकतं.

रिडायरेक्टची ओळ छोटी असते, पण तिच्यात शब्द पाळायचा असतो. मूळ स्लॅशपासून लिहिलेला रिडायरेक्ट पुढचा मार्ग तसाच जोडून देतो. टीएमटी सळ्यांच्या दराचं पान मागणारा नव्या डोमेनवरही त्याच पानावर उतरतो. सगळ्यांना होमपेजवर आणून सोडलं तरी चालतं, लोक शोधून घेतात, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. बांधकामावर उभा असलेला माणूस शोधत बसत नाही, दुसऱ्या पेढीला फोन लावतो. ३०१ हा कायमचा निरोप ब्राउझर साठवून ठेवतो, म्हणून आधी तात्पुरता ३०२ लावून 'कर्ल' कमांडने लोकेशन हेडर तपासावा, मगच ३०१ करावा. ३०२ च कायम ठेवला तर काय बिघडतं? मुक्काम तात्पुरता आहे असं आपणच सर्च इंजिनला सांगत राहतो. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. एचटीटीपीएसवर रिडायरेक्ट मिळण्याआधी सर्टिफिकेट तपासलं जातं, त्यामुळे जुन्या डोमेनचं सर्टिफिकेटही चालू ठेवावं लागतं.

मग सरळ प्रॉक्सीच का लावू नये? गोदामाचा साठा दाखवणारं ॲप आतल्या ८०८० पोर्टवर चालत असेल, तर प्रॉक्सीच योग्य. तो पोर्ट बाहेर दिसायचं कारण नाही. तिथे प्रॉक्सीपाससोबत प्रॉक्सीपासरिव्हर्स हवा, नाहीतर ॲपने दिलेल्या रिडायरेक्टमधून आतला पत्ता बाहेर फुटतो. मूळ विनंती एचटीटीपीएसची होती हेही ॲपला हेडरमधून कळवावं लागतं. ते राहिलं तर ॲप पुन्हा पुन्हा एचटीटीपीएसकडे पाठवतं आणि पान फिरतच राहतं. मात्र हलवलेल्या साइटसाठी प्रॉक्सी लावली, तर एकाच मजकुराला दोन पत्ते होतात आणि नवं नाव कुणाच्याच तोंडी बसत नाही. जुनं डोमेन केव्हा सोडायचं, हे नूतनीकरणाच्या खर्चावरून ठरवू नये. त्याचा वेगळा ॲक्सेस लॉग ठेवावा आणि त्यात खरी गिऱ्हाइकं येताना दिसतात तोवर पैसे भरत राहावेत.