पैसा मोठा, पाया कच्चा

● कोल्हापूर : पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ छत्रपती शाहू स्टेडियमवर भिडतात, स्पर्धांची सूत्रे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे. अलीकडे मानधनावर परदेशी खेळाडूही आले.

● मुंबई : राष्ट्रीय विजेता ठरलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये कंपनीने बंद केला.

● पुणे : २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) उतरलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला.

● अखिल भारतीय फुटबॉल महासंघ : २०१० मध्ये व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटींना दिले. २०२२ मध्ये फिफाने महासंघाला निलंबित केले. हक्कांच्या कराराचे नूतनीकरण रखडल्याने २०२५ मध्ये आयएसएल लांबली.

● जर्मनी : इथे मात्र मोजके अपवाद वगळता क्लबमधील बहुमत सभासदांकडेच राहते.

निष्कर्ष : पैसा हवाच, पण परवाना देण्याआधी संघाचा ताळेबंद तपासणारी यंत्रणा त्याहून आधी हवी.